मंगळकार्याचे खिळे

मरणाचं कार्ड घरात ठेवायचं नसतं. पाठवणाऱ्याने त्याचा एक कोपरा फाडून ते पाठवायचं, म्हणजे घेणाऱ्याला हातात पडताच कळतं. घेणाऱ्याने ते उंबऱ्याबाहेर वाचायचं, फाडून टाकायचं आणि पायांवर पाणी घेऊन आत यायचं. माहेरी आई हे करताना मी अनेकदा पाहिलं होतं. का करायचं, हे मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

माझ्या टेबलाच्या खणात असं एक कार्ड आहे. त्याचा कोपरा फाटलेला नाही. उलट चारही कोपऱ्यांना हळदकुंकू लावलेलं आहे. ते माझ्या यजमानांच्या तेराव्याचं आहे.

लोणावळ्याच्या बाजारात आमचा लहानसा छापखाना होता. खाली छापखाना, वर आमचं बिऱ्हाड. पायाने चालवायचं एक ट्रेडल मशीन होतं, ते माझे धाकटे दीर चालवत. शिशाची अक्षरं, म्हणजे खिळे, एकेक उचलून ओळी जुळवण्याचं काम हे स्वतः करत. मी मुलींच्या शाळेत शिकवत असे. शाळेतून आल्यावर जिना चढण्याआधी पाच मिनिटं खाली थांबायचं, ही माझी सवय होती. शाईचा आणि रॉकेलचा वास मला कधी नकोसा वाटला नाही.

कामं साधीच असत. वाण्यांची बिलबुकं, शाळेची प्रगतिपुस्तकं, फिरत्या नाटक कंपनीची हँडबिलं. पावसाळा सरला की खंडाळ्याच्या बंगल्यांतून भेटीची कार्डं छापायला येत. इंग्रजीत नुसतं नाव आणि खाली बंगल्याचं नाव, पण अक्षर असं की टाकाने एका दमात लिहिल्यासारखं, तिरकं, लपेटदार. त्या खिळ्यांची एक केस, म्हणजे कप्प्यांचा लाकडी खण, ह्यांनी मुंबईहून आणली होती. एकदा ओलं कार्ड त्यांनी माझ्यासमोर धरलं.

"पाहिलंस? प्रत्येक अक्षर शेजारच्याचा हात धरून उभं आहे."

"आपली अक्षरंही एका रेघेला धरून असतातच की," मी म्हटलं.

"धरून कुठली? टांगलेली असतात. दोरीवर धोतरं वाळत घातल्यासारखी. हात धरणं वेगळं."

त्या दिवसापासून मराठीला तसं अक्षर करायचं त्यांनी मनावर घेतलं. आमच्या लग्नाला तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. पुढली कितीतरी वर्षं त्यांचा फावला वेळ त्यातच गेला. बोरूने आधी कागदावर अक्षर लिहायचं, पसंत पडलं की मऊ शिशाच्या तुकड्यावर ते उलटं कोरायचं, आणि अशी काही जमली की मुंबईच्या एका टाइप फाउंड्रीकडे पाठवायची. तिथे त्यावरून तांब्याचे साचे होत आणि साच्यांतून खिळे ओतले जात. दुपारी ऊन गॅलरीत आलं की हे तिथे भिंग घेऊन बसत. मी जवळच वह्या तपासत असे.

"हा क कसा वाटतो?"

"बरा आहे."

"बरा म्हणजे पुन्हा कोरायचा," असं म्हणून ते तो तुकडा डब्यात टाकत.

मग मी 'छान आहे' म्हणायला लागले, तर म्हणाले, "तू आता खोटं बोलायला शिकलीस. 'बरा'च बरं होतं."

त्या अक्षराची शिरोरेघ सरळ नव्हती. वाऱ्याने हललेल्या दोरीसारखी ती किंचित वर जाई, किंचित खाली येई. एका अक्षराचा शेपटा पुढच्याच्या पायाखाली जाई. हा शेपटा खिळ्याच्या बाहेर आलेला असायचा, म्हणून खिळे फार हलक्या हाताने हाताळावे लागत. जरा दाबलं की शेपूट मोडे. दीर वैतागत. पण पहिला कागद त्यांनीच ओढून काढला. नुसता 'श्री' होता, आणि खाली 'मंगलकार्य'. तो कागद त्यांनी स्वतःच नेऊन वर देवापुढे ठेवला.

ह्यांनी त्या केसला एक नियम लावला होता. त्यात फक्त मंगळकार्याचं काम जुळवायचं. लग्न, मुंज, बारसं, वास्तुशांत. खंडाळ्याच्या एका हॉटेलवाल्याने जेवणाच्या पदार्थांची यादी त्या अक्षरात छापून मागितली आणि चांगले पैसे देऊ केले. ह्यांनी नाही म्हणून सांगितलं. दीर चिडले.

"दादा, हे खिळे आहेत की सोवळ्यातली भांडी?"

"सोवळंच समज. बिल लोक तारेला ओवतात, हँडबिलात भजी बांधतात. पत्रिका तेवढी देव्हाऱ्यात ठेवतात, आणि वर्षानुवर्षं ठेवतात. माझं अक्षर तिथे राहायला हवं."

एवढीच त्यांची इच्छा होती. नाव व्हावं, पैसा मिळावा, असं मी त्यांच्या तोंडून ऐकलं नाही. मावळातल्या घरांत, देवाजवळ, हळदकुंकवाच्या बोटांचे ठसे घेऊन ते अक्षर राहावं. आणि ते राहूही लागलं होतं. चार-पाच लग्नसराया अशा गेल्या की लोणावळ्यापासून तळेगावपर्यंतची माणसं 'त्या लपेटदार अक्षरातली' पत्रिका मागत येत.

आमची स्वतःची पत्रिका मात्र साध्या खिळ्यांत छापलेली होती. त्यावर हे हसत. "साठीशांत करू, तेव्हा तुझं नाव ह्या अक्षरात घालीन. तोवर केसमधला चांगला ळ कुणी मोडू नका म्हणावं." माझ्या नावात ळ आहे.

एके वर्षी पौषात आंदर मावळातले एक शेतकरी छापखान्यात आले. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडी, पायांत धुळीने पांढऱ्या झालेल्या वहाणा. त्यांचा मुलगा घाटात रेल्वेच्या गँगवर होता आणि त्याचं लग्न तळेगावच्या मुलीशी ठरलं होतं. मुलीकडच्यांनी पत्रिका छापली, ती आमच्याकडचीच होती. ती त्यांनी कनवटीच्या पिशवीतून काढून पुढे ठेवली.

"आमाला बी असलीच पायजे. न्हाईतर व्याही म्हनंल, डोंगरातली मानसं, आवतन बी उघडंवाघडं."

मी नेमकी तिथे उभी होते. मी विचारलं, "आबा, तुमच्याकडे पत्रिका वाचणार कोण?"

"वाचनार कुनी न्हाई, बाई. मी सोता घरोघर जाऊन सांगनार. पर कागुद हातात पायजे." मग त्यांनी आपलं जाड बोट अक्षरांवरून, न टेकवता, फिरवलं. "कशी फेर धरल्यावानी चाललीत. ही अक्षरं कळाय वाचाय कशाला लागतं?"

ह्यांचा चेहरा मी पाहिला. इतक्या वर्षांत कुण्या शिकलेल्या माणसाने त्यांना असं काही म्हटलं नव्हतं. मीही नाही.

तोंडी सांगायचं तर मजकूर पाठ हवा. म्हणून ह्यांनी त्यांना बाकावर बसवून तो दोन-तीनदा वाचून दाखवला. आबा ओठ हलवत ऐकत होते.

"सहकुटुंब म्हंजी?"

"बायकोमुलांसकट."

"आन् सहपरिवार?"

"राहिलेले सगळे."

"मग लय भात रांधावा लागंल की!" ते म्हणाले, आणि दीर ट्रेडल थांबवून हसले. "त्यो एक शबूद काढला तर काय हुईल?"

"काढता येत नाही, आबा. त्याशिवाय आमंत्रण पुरं होत नाही."

"मग ऱ्हाऊ द्या," आबा म्हणाले. "कमी पडला तर तुमी बी या आन् कमीच खावा."

आम्ही त्या लग्नाला गेलो नाही. शाळा होती, लग्नसराईचं काम होतं. हे म्हणाले, पुढे त्यांच्या मुलीचं असेल तेव्हा जाऊ.

दोन वर्षांनी माघात हे गेले. लोणावळ्याची थंडी त्यांना कधी मानवली नाही. सर्दी छातीत उतरली, न्यूमोनिया झाला, आणि आठवड्याच्या आत सगळं संपलं. आम्हाला मूल नव्हतं. अग्नी धाकट्या भावाने दिला.

मी वरच्या खोलीत कोपऱ्यात बसून होते. खालून ट्रेडलचा आवाज आला तेव्हा मला वाटलं, कुणाचं अडलेलं काम असेल. संध्याकाळी दीर वर आले. डोकं भादरलेलं, डोळे सुजलेले. त्यांच्या हातात कार्डांचा गठ्ठा होता. मृत्यूची वार्ता आणि तेराव्याचा दिवस, एवढाच मजकूर. काळी चौकट नव्हती. आणि अक्षर ते होतं.

"वहिनी, नियम मोडला मी," ते म्हणाले. "पण दादाचं नाव दुसऱ्या खिळ्यांत जुळवायला बसलो, तर हात चालेना."

मी कार्ड हातात घेतलं. त्यांचं नाव त्या अक्षरात मी पहिल्यांदाच पाहत होते. त्याच्याखाली माझं होतं, ळसकट. मला बरं वाटलं, हे मी लिहून ठेवते. त्या दिवसांत बरं वाटण्यासारखी ती एकच गोष्ट होती.

"कोपरे?" मी विचारलं.

"फाडायला घेतलं पहिलं," ते म्हणाले, "नाही फाडवलं."

कार्डं तशीच टपालात पडली. नातेवाइकांना गेली, गिऱ्हाइकांनाही गेली. दिरांनी पत्त्यांची वही उघडून कुणालाच गाळलं नाही.

तेराव्याच्या दिवशी सकाळी माणसं जमू लागली होती. स्वयंपाकघरात बायका होत्या. मी खिडकीपाशी होते, म्हणून मला रस्त्यावरून येणारं ते जोडपं दिसलं. आबांच्या डोक्यावर कोरा गुलाबी पटका होता. मागून त्यांची कारभारीण, अंगावर घडीचं हिरवं लुगडं, हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा, डोक्यावर तांदळाची पाटी, पाटीवर नारळ आणि खण. दोघं डोंगरातून पायी कान्ह्याच्या स्टेशनावर आली होती आणि तिथून गाडीने. मला काहीच समजेना. दारात त्यांनी हाक दिली, तीही मोठ्या, हसऱ्या आवाजात.

"कुटं हाय नवरदेव? आधी म्होरं बोलवा त्याला!"

दार दिरांनीच उघडलं. तुळतुळीत डोकं, अंगावर पंचा.

आबांनी दिरांच्या डोक्याकडे पाहिलं, मग घराकडे, मग पुन्हा डोक्याकडे. नंतर कळलं, कामशेतच्या ज्या दुकानदाराच्या पत्त्यावर त्यांचं टपाल येई, त्याने गिऱ्हाइकाच्या गर्दीत कार्ड देताना फक्त दिवस वाचून सांगितला होता. बाकीचं अक्षराने सांगितलं होतं. छापखान्यातल्या धाकट्या भावाचं लग्न निघालं, असं घरात सगळ्यांनी धरलं. कोपऱ्यांना हळदकुंकू नाही, हे पाहून कारभारणीने ते आपल्या हाताने लावलं आणि कार्ड देवाजवळ ठेवलं. आज बरोबर आणलं, ते घर चुकू नये म्हणून.

"कोन?" आबांनी एवढंच विचारलं.

"दादा," दीर म्हणाले.

आबांनी पटका उतरवला. त्याची घडी करायचं त्यांना सुचलं नाही, तो नुसता गोळा करून काखेत धरला, आणि उघड्या डोक्याने ते पायरीवर खाली बसले. कारभारणीने पाटी उतरवली आणि पदराने चुडा झाकायला लागली. एवढा चुडा पदरात कुठे मावणार? ती तशीच वर आली आणि माझ्याजवळ बसली. तिचे हात लुगड्याखाली होते, तरी ती हलली की किणकिण होई. शेवटी मीच तिचे हात बाहेर काढून माझ्या हातांत घेतले.

ती म्हणाली, "बाई, आमी अडानी मानसं. आमचं चुकलं."

"तुमचं काही चुकलं नाही," मी म्हटलं. "अक्षर तेच आहे."

खाली दिरांनी आबांच्या हातातलं कार्ड मागून घेतलं होतं. रीतीप्रमाणे ते फाडायला हवं होतं. ते फाडणार, एवढ्यात खिडकीतून ते पाहून कारभारीण जिन्यात धावली.

"नगा, नगा! देवापुढं ऱ्हायलंय त्ये. हळदकुकू लागलंय त्याला. फाडू नगा!"

मरणाचं पत्र ठेवायचं नाही, आणि देवापुढचा कागद फाडायचा नाही. जमलेल्यांत आमचे एक शास्त्र जाणणारे नातेवाईक होते, त्यांनाही काही सांगता येईना. कार्ड हातोहाती वर माझ्याकडे आलं आणि माझ्याजवळच राहिलं. बाकीची सगळी, जिथे जिथे गेली तिथे, लोकांनी रीतीप्रमाणे फाडली असणार. आमच्याकडे उरलेली दिरांनी इंद्रायणीत सोडली.

आबांचा आंबेमोहोर त्या दिवशी तेराव्याच्या पानांत वाढला. "माघारी न्यायचा न्हाई," एवढंच ते म्हणाले होते.

फाल्गुनात लग्नसराई उघडली. पहिलं गिऱ्हाईक बाजारातलंच, नेहमीचं, आमच्या दुःखात घरी येऊन गेलेलं. मुलीच्या पत्रिकेचा मजकूर त्यांनी दिरांपुढे ठेवला आणि इकडच्या तिकडच्या गोष्टी बोलून, निघताना म्हणाले, "जरा साध्याच टाइपात घ्या या वेळी. उगाच कशाला..."

दिरांना वाटलं, पैशासाठी. त्यांनी दर कमी करून सांगितला.

"तसं नव्हे हो. घरातल्या बायका म्हणतात. त्या अक्षरात परवाच ते कार्ड आलं ना आमच्याकडे."

दुसरे आले, तेही तेच म्हणाले. काही जण परस्पर तळेगावच्या छापखान्यात गेले. कुणी वाईट बोललं नाही. मी कुणाला दोष देत नाही. माझ्या मुलीचं लग्न असतं तर कदाचित मीही साधाच टाइप मागितला असता. पुढल्या सरायीत विसरतील, असं आम्ही म्हणत राहिलो. विसरले नाहीत. ह्यांच्या हयातीत जे अक्षर लोकांनी देवाजवळ ठेवलं, त्याला एका कार्डाने सुतक लागलं, आणि ते फिटण्याची काही मुदत शास्त्रात सांगितलेली नव्हती.

दीर त्या केसवरची धूळ दर शनिवारी पुसत. एकदा मी खाली गेले तेव्हा ते केससमोर नुसते उभे होते.

"दादाने सोवळं सांगितलं होतं," ते म्हणाले. "मी थट्टा केली."

"तुम्ही जे केलं ते मला हवं होतं," मी म्हटलं. ते खरं होतं, पण त्याचा त्यांना काही उपयोग झाला नाही.

तोवर जर्मनीशी लढाई सुरू होऊन बराच काळ झाला होता. शिसं मिळेना. रेशनिंगची छपाईची कामं येऊ लागली आणि त्यांना साधे खिळे पुरेनात. फाउंड्रीवाले म्हणाले, जुना धातू द्या, नवे खिळे घ्या. दिरांनी मला विचारलं. मी वर गेले, गॅलरीत जरा बसले, आणि खाली येऊन हो म्हणाले. फाउंड्रीतले तांब्याचे साचेही आधीच मोडीत गेले होते, हे त्यानंतर कळलं. त्या लपेटदार अक्षराचं शिसं वितळून जे खिळे आले, त्यांत आम्ही धान्याची कार्डं छापली. ती घरोघर गेली. लोकांनी ती फार जपून ठेवली, हे मात्र खरं.

त्यानंतरच्या वैशाखात आबा आले. पटका होता, पण जुना. मुलीचं लग्न ठरलं होतं. त्यांनी दिरांना न विचारता थेट मला विचारलं, कारण मी दारातच होते.

"बाई, तीच अक्षरं पायजेत. फेर धरलेली."

"आबा, त्या अक्षरात ते कार्ड आलं होतं तुम्हाला."

"व्हय. आन् त्याच अक्षरात माज्या ल्येकाचं लगीन बी झालं. दोन नातवं हायती. म्या काय इसरलो?"

इतक्या दिवसांत एवढं बोलणारं दुसरं कुणी आलं नव्हतं. दिरांनी त्यांना रिकामी केस ओढून दाखवली. कप्प्याकप्प्यांत नुसती धूळ. आबांनी आत पाहिलं. दुसऱ्या केसमधला एक नवा खिळा उचलून डोळ्यांजवळ धरला आणि परत ठेवला.

"मी हाताने लिहून देऊ का?" मी विचारलं. "पाच-पंचवीस कार्डं होतील."

मी एक लिहूनही दाखवलं. चाळीस मुलींना कित्ता घालून देणारं माझं अक्षर, चांगलं, स्वच्छ, प्रत्येक आपापल्या जागी उभं. आबांनी ते बराच वेळ पाहिलं.

"चांगलं हाय की," ते म्हणाले. मग कार्ड हळूच परत देऊन, "ऱ्हाऊ द्या, बाई. आमी पयल्यासारकं तोंडानंच सांगू. मजकूर हाय माज्याजवळ. मालकांनी शिकिवलाय."

आणि ते तिथेच, छापखान्याच्या दारात, वहाणा काढून उभे राहिले. पटका सारखा केला. दिरांनी ट्रेडल थांबवलं.

"आमचे यीथे शिरीकुरपेकरून," त्यांनी सुरुवात केली, नजर माझ्या डोक्यावरून पलीकडे ठेवून, शाळेतल्या मुलीने कविता म्हणावी तशी. मुलीचं नाव घेतलं, मुलाचं, गावाचं, दिवसाचं. कुठे अडखळले नाहीत. ह्यांनी ज्या जागी थांबून श्वास घेतला होता, त्याच जागी तेही थांबत होते. मी डोळे मिटले असते तर ती शिरोरेघ मला दिसली असती.

"तरी आपन..." ते म्हणाले, आणि थांबले.

पुढचे दोन शब्द मला पाठ होते. त्यांनाही होते. त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं, मग रिकाम्या केसकडे.

"तरी आपन या," आबा म्हणाले.